ढिल्या चेंबरवर खापर कशाला?

अहिल्यानगरात फौजी माणसांची वानवा नाही. आर्मर्ड कोअर सेंटर इथलं, मेकनाइज्ड इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटरही इथलंच. त्यामुळे रायफलींच्या गप्पांत एक वाक्य हमखास कानावर येतं : थ्री-नॉट-थ्रीचं, म्हणजे ली-एनफिल्डचं, चेंबर ढिलं, म्हणून ग्रुप बसत नाही, गोळ्या जवळजवळ लागत नाहीत. हे मत मला साफ अमान्य आहे.

चेंबर ऐसपैस ठेवलं गेलं ते जाणूनबुजून. कुठल्याही कारखान्याचं, चिखलाने माखलेलं काडतूसही आत बसावं आणि रिकामी केस झटक्यात बाहेर यावी, हा हिशेब. कॅनडाच्या रॉस रायफलीचं चेंबर घट्ट होतं. 1915 मध्ये ईप्रच्या लढाईत ती अडकू लागली, बोल्टला बुटाने लाथा घालाव्या लागल्या आणि सैनिकांनी ती टाकून ली-एनफिल्ड उचलल्या. रॉस अचूक होती, स्नायपरांनी ती पुढेही वापरली, हे खरंच. पण मग दुसऱ्या महायुद्धात ली-एनफिल्ड नंबर 4 मधून निवडून काढलेल्या रायफली स्नायपरांच्या हाती कशा गेल्या?

नेम बिघडतो तो चेंबरपुढचा गळा झिजल्याने, किंवा गोळी बॅरलमध्ये तिरकी शिरल्याने. ढिल्या चेंबरचा खरा घाव बसतो पितळी केसवर, आणि तोही ती पुन्हा भरली तर. पहिल्या बारात केस चेंबरभर फुगते. भरणारा ती डायमध्ये दाबून मूळ मापावर आणतो, पुढचा बार तिला पुन्हा ताणतो. बुडाच्या किंचित वर पितळ पातळ होत जातं. तिथे बाहेरून चकचकीत कडं दिसतं. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवली की खाच लागते. अशी केस पुढच्या बाराला बुडापाशी तुटू शकते.

म्हणून पूर्ण केस दाबण्याचा हट्टच चुकीचा. फक्त मान दाबावी आणि केस ज्या रायफलीतून उडाली त्याच रायफलीत वापरावी. चेंबरच्याच साच्यात घडलेली केस दर वेळी तशीच, मधोमध बसते. ढिलं चेंबर तिच्यापुरतं घट्ट होतं. अर्थात, विनापरवाना काडतुसं बनवणं आर्म्स अ‍ॅक्ट 1959 खाली गुन्हा आहे. हे काम परवान्याच्या चौकटीतलंच.

थ्री-नॉट-थ्रीचा हेडस्पेस, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या कडेसाठी बोल्ट आणि बॅरल यांच्यात राहणारी जागा, 0.064 ते 0.074 इंच चालतो. म्हणजे पाव मिलिमीटरची सूट. रायफल बाद ठरवण्याआधी आर्मररकडून गेज लावून घ्या. 0.074 च्या गेजवर बोल्ट मिटला, तर नंबर 4 मध्ये मोठ्या क्रमांकाचं बोल्ट-हेड बसवून बहुधा भागतं. मिटला नाही, तर चेंबरला बोल लावणं सोडा आणि गळा तपासा.