सोडलेला हक्क

परवा वर्ग सुटल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, एखादी गोष्ट करण्यात काही वाईट नाही, हे मला पटले आहे. मग दुसऱ्याला खुपते म्हणून मी ती का सोडावी?"

मला करिंथची गोष्ट आठवली. इसवी सन 55 च्या सुमारास ग्रीसमधल्या या शहरी ख्रिस्ती मंडळीत मांसावरून वाद पेटला. देवळात बळी दिलेल्या पशूंचे मांस बाजारात विकायला येई. जाणते म्हणत, मूर्ती म्हणजे काहीच नव्हे; खुशाल खावे! पण कालपरवापर्यंत त्याच मूर्तींपुढे हात जोडणाऱ्यांना तो घास गिळवेना. इतरांचे पाहून गिळलाच, तर मन त्यांना खाऊ लागे.

पौलाने पत्रातून दिलेला निवाडा पाहण्यासारखा आहे. तत्त्व जाणत्यांचेच खरे, हे त्याने मान्य केले. मात्र आपल्या खाण्याने भाऊ अडखळणार असेल, तर आपण मांसाला कधीच शिवणार नाही, असेही लिहिले. हा कोरडा उपदेश नव्हे. मंडळीकडून चरितार्थ घेण्याचा हक्क असूनही करिंथमध्ये तो तंबू करून पोट भरीत असे.

त्याच्या लेखी ही मोकळीक कमावलेली नव्हती. देवाच्या कृपेने लाभलेली होती. कमावलेले माणूस मुठीत घट्ट धरतो. देणगी म्हणून लाभलेले दुसऱ्यासाठी सोडताना हात जड होत नाही.

विद्यार्थ्याला मी एवढेच म्हटले, "बाबा रे, ज्याला आपला हक्क सोडताच येत नाही, तो हक्काचा धनी नव्हे, चाकर!"