छप्पर मालकाचे, कुटुंब कोणाचे?

हिंजवडी आणि माण या गावांच्या शिवारात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जी नगरी उभी राहिली, तिचा गौरव माहिती-तंत्रज्ञानाची नगरी म्हणून सर्वत्र होतो. या नगरीचे मजले चढवणारी माणसे मराठवाड्यातून, विदर्भातून, कलबुर्गीकडून, छत्तीसगड, झारखंड, बिहार आणि बंगालमधून येतात. कित्येक जण सहकुटुंब येतात. बांधकामाच्या कुंपणाला लागून किंवा जवळच्या मोकळ्या रानात त्यांच्यासाठी पत्र्याच्या खोल्यांची रांग उभी राहते. तिला लेबर कॅम्प म्हणतात. इमारत पुरी झाली की पत्रे ट्रकमध्ये भरले जातात आणि कुटुंब दुसऱ्या साइटवर जाते. असे वर्षानुवर्षे चालते. या कुटुंबांना बेघर म्हणावयाचे की नाही?

शासनाचे उत्तर 'नाही' असे आहे. २०११ च्या जनगणनेने उघड्यावर, रस्त्याकडेला, पदपथावर, मोठ्या नळांत, उड्डाणपुलाखाली, देवळाच्या आवारात वा रेल्वेच्या फलाटावर राहणाऱ्या कुटुंबांना बेघर मानले. पत्र्याच्या खोलीला भिंती आहेत आणि वर छत आहे. सबब तिच्यात राहणारे कुटुंब घरवाले ठरते. परंतु या घराला भाडेपावती नाही, पत्ता नाही आणि त्यावर राहणाऱ्याचा हक्क नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर ही खोली हा मजुरीचाच वस्तुरूप भाग आहे. मजुरी थांबली की छप्परही थांबते.

१९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याच्या कलम ३४ ने मालकावर जबाबदारी टाकली होती की, काम चालू असेपर्यंत कामगाराला कामाच्या जागी किंवा शक्य तितक्या जवळ विनामूल्य तात्पुरते निवासस्थान द्यावे आणि स्वयंपाक, स्नान, धुणे व शौच यांची सोय करावी. त्याच कलमात पुढे असेही होते की, काम संपताच मालकाने ही बांधकामे स्वखर्चाने काढून टाकावीत आणि जमीन सपाट व स्वच्छ करावी. जमीन पूर्ववत कशी करावयाची याची काळजी कायद्याने घेतली; त्या जमिनीवरचे कुटुंब त्या दिवशी कोठे जाईल, याविषयी त्यात अवाक्षर नव्हते. हा कायदा आता नव्या श्रमसंहितांमध्ये विलीन झाला असून त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. कायद्याचे नाव बदलले, पण काम संपल्यावर कुटुंबाचे काय, हा प्रश्न जेथल्या तेथे आहे.

छप्पर मालकाच्या हाती असले म्हणजे काय होते, हे पुण्याने पाहिले आहे. २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ जण मेले. त्यांत मुले होती. धोक्याच्या भिंतीखाली राहावयाचे नाही, असे म्हणण्याची सोय अशा वस्तीत कोणाला असते? जो तक्रार करील त्याचे काम आणि घर एकाच दिवशी जाते.

हिंजवडीत या अडचणीवर आणखी एक भर पडते. येथील कारभाराचे दोर पाच हातांत आहेत. पोलीस ठाणे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे, तहसील कचेरी पौडला, शाळा जिल्हा परिषदेची, बांधकामाची परवानगी कोठे औद्योगिक विकास महामंडळाची तर कोठे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, आणि कामगार खाते पुण्यात. दिवसभर माल वाहून थकलेल्या बाईने यांतील कोणत्या दारी कोणता कागद घेऊन जावे? एक दिवस कचेरीत गेला की एक दिवसाची मजुरी गेली. हक्क कागदावर पुष्कळ आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. गावच्या शिधापत्रिकेवरचे धान्य आता दुसऱ्या राज्यातही उचलता येते. वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. मात्र त्या ९० दिवसांचा दाखला देणारा ठेकेदार बहुधा दाखला देण्यापूर्वीच बदललेला असतो. साइट बदलली की मुलाची शाळा तुटते, लसीचा पुढचा डोस चुकतो, नोंदणीचा अर्ज अर्धवट राहतो. नव्या जागी सारे पहिल्यापासून सुरू होते, आणि पुष्कळदा सुरूच होत नाही.

ही तुटणारी साखळी जोडून ठेवणे हे एक स्वतंत्र काम आहे. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात त्याला व्यक्तिसहाय्य कार्य म्हणतात. येथे त्याला कुटुंबाचा पाठपुरावा म्हणणे अधिक सार्थ होईल. एका कार्यकर्तीने तीस-चाळीस कुटुंबे ओळखावयाची, प्रत्येकाची वही ठेवावयाची, कोणत्या मुलाला कोणत्या शाळेत घातले, कोणती बाई गरोदर आहे, कोणाचा अपघाताचा दावा कोठे अडला आहे हे टिपावयाचे, त्यांच्याबरोबर कचेरीत जावयाचे आणि कुटुंब हलले की ती वही पुढच्या ठिकाणच्या कार्यकर्तीच्या हाती सोपवावयाची.

अशा कामाचा वारसा देशात आहे. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांनी मजूर बायांच्या मुलांसाठी पाळणाघर उघडले. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी १९८८ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या डोअर स्टेप स्कूलने पुढे पुण्यात बांधकामांवरच्या मुलांना अक्षरओळख दिली आणि शाळेच्या दारापर्यंत नेले. परंतु स्वयंसेवी संस्थेला साइटवर पाऊल ठेवण्यासाठीसुद्धा विकासकाची परवानगी लागते. त्याने दार लावले की काम संपले. देणगीदाराचा उत्साह ओसरला तरी संपले. नागरिकाचा हक्क मालकाच्या सौजन्यावर आणि देणगीच्या हंगामावर टांगून ठेवणे लोकशाहीला शोभत नाही.

येथे चळवळीतील काही मित्र आक्षेप घेतील की, हे ठिगळ लावण्याचे काम आहे. एकेका कुटुंबाचे कागद सांभाळत बसण्याने व्यवस्था बदलत नाही, संघर्षाची धार मात्र बोथट होते. आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. पण ज्या श्रमिकांचा मुक्काम दर वर्ष-दीड वर्षाने बदलतो, त्यांची संघटना कोणत्या पत्त्यावर बांधावयाची? महाराष्ट्रातील हमालांनी या प्रश्नाचे उत्तर एकदा शोधले आहे. त्यांनाही ठरलेला मालक नव्हता. १९६९ च्या माथाडी कायद्याने कामगाराची नोंद मंडळाकडे झाली, मालकाने मजुरी आणि लेव्ही मंडळात भरावयाची असे ठरले, आणि मालक बदलला तरी कामगाराचे खाते कायम राहिले. हिशेबाच्या त्या वह्यांनी हमालांची एकजूट मोडली नाही, उलट तिला आधार दिला. बांधकाम मजुराच्या बाबतीत खाते एकट्या कामगाराचे ठेवून भागणार नाही. ते कुटुंबाचे असावे लागेल, कारण साइट बदलते तेव्हा सर्वांत मोठी किंमत त्याची मुले मोजतात.

पैशाचा प्रश्न येईल. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही उपकर कायम आहे. जमीन वगळून १०० कोटी रुपये खर्चाचे बांधकाम तीन वर्षे चालले, तर उपकर १ कोटी होतो. तेथील ७०-८० कुटुंबांसाठी दोन कार्यकर्ते दरमहा २५,००० रुपये वेतनावर नेमले, तर ३६ महिन्यांत १८ लाख रुपये लागतील; म्हणजे उपकराच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. देशभरातील मंडळांकडे या उपकराचे हजारो कोटी रुपये पडून असल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निकालात तीव्र नापसंती व्यक्त केली होती. मंडळाच्या प्रशासकीय खर्चावर १९९६ च्या कायद्याने ५ टक्क्यांची मर्यादा घातली होती, तिच्याकडे बोट दाखवण्याचा मोह अधिकाऱ्यांना होईल. परंतु शिक्षकाचा पगार हा ज्या अर्थाने शिक्षणावरचा खर्च असतो, त्याच अर्थाने पाठपुरावा करणाऱ्याचे वेतन हा कल्याणाचा खर्च आहे. भांडी आणि पेट्या वाटून छायाचित्र निघते; मूल शाळेत टिकत नाही.

तेव्हा मागणी नेमकी असावी. उपकर भरणाऱ्या प्रत्येक मोठ्या बांधकामावर मंडळाचा पगारी कार्यकर्ता असावा आणि त्याला साइटवर जाण्याचा अधिकार कायद्याने असावा, मालकाच्या मर्जीने नव्हे. कुटुंबाची वही कुटुंबाच्या मालकीची असावी. ती पोलिसांच्या वा ठेकेदाराच्या हाती जाऊ नये, कारण परप्रांतीयांची यादी कोणत्या कामी येते याचा अनुभव या देशाला आहे. खोल्या पाडण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाचा पुढचा मुक्काम आणि मुलांची पुढची शाळा नोंदवलेली असावी, आणि तशी नोंद झाल्याशिवाय इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये.

ही मागणी मान्य होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. हिंजवडी, माण, मारुंजी येथील कार्यकर्त्यांनी या महिन्यात एकेक वस्ती निवडावी, कुटुंबे मोजावीत, किती मुले शाळेबाहेर आहेत आणि किती कामगार नोंदणीविना आहेत हे लिहून काढावे. अशी वीस वस्त्यांची यादी हाती घेऊन शिष्टमंडळ कामगार आयुक्तांकडे गेले, तर त्याला केवळ आश्वासन देऊन परत पाठवणे शासनाला अवघड जाईल.