दिवाळीत मांजराला लपू द्या

दिवाळीला आठ-दहा दिवस राहिले, की माझ्या दवाखान्यात मांजर पाळणाऱ्यांची विचारणा सुरू होते. ‘डॉक्टर, चार दिवस गप्प पडून राहील अशी एखादी गोळी द्या,’ असे बहुतेकांचे म्हणणे असते. काही जण तर घरातलीच गोळी अर्धी करून द्यावी का, असेही विचारतात. याबाबत माझे मत स्पष्ट आहे. बहुतेक मांजरांना दिवाळीत गोळी लागत नाही, लपायला जागा लागते. नेमकी तीच आपण त्यांना देत नाही.

आधी मांजराचा कान समजून घेऊ. माणसाला साधारणपणे २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मांजराला ८० हजारांच्याही पुढचा. उंदराची बारीकशी चाहूल टिपणारा हा कान आहे. फटाक्यांबाबतच्या १९९९ च्या नियमात चार मीटर अंतरावर १२५ डेसिबल ही मर्यादा घातली गेली. इतका आवाज आपल्यालाही सोसत नाही. पण आपल्याला आज दिवाळी आहे हे ठाऊक असते. मांजराला ते कोण सांगणार?

मांजर शिकारी खरे, पण कुत्र्यासारख्या मोठ्या जनावरापुढे ते स्वतःच शिकार ठरते. म्हणून धोका वाटला की अंधाऱ्या, अडचणीच्या जागी शिरणे हा त्याचा स्वभावच आहे. २०१४ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपण्यासाठी खोका दिला व काहींना दिला नाही. खोका मिळालेली मांजरे लवकर सावरली. साधा खोका, पण त्याचा उपयोग औषधासारखा झाला.

आपल्याकडे मात्र उलट चालते. पलंगाखाली दडलेले मांजर पाहुण्यांना दाखवण्यासाठी ओढून बाहेर काढतात. कोणी त्याला मांडीवर घेऊन अंगणात बसतात आणि म्हणतात, ‘राहू द्या, सवय होईल.’ अशी सवय होत नाही. सवय लावायची तर हळू आवाजापासून सुरुवात करून कित्येक आठवडे धीर धरावा लागतो. शेजारी सुतळी बॉम्ब फुटत असताना धरून ठेवलेल्या मांजराची भीती पुढच्या वर्षी वाढलेलीच दिसते.

तेव्हा आधीपासून तयारी करावी. रस्त्यापासून दूरची, आतली खोली निवडा. कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करा किंवा पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा. त्यात मांजराचे रोजचे अंथरूण घाला; ते धुऊ नका, त्याच्या स्वतःच्या वासाने त्याला धीर येतो. खोलीत पाणी, खाणे आणि एका कोपऱ्यात वाळूचे घमेले ठेवा. दिवसभर बाहेर हिंडणारे मांजर असेल तर दुपारीच आत घ्या व अंधार पडण्यापूर्वी खिडक्या लावून घ्या. नरक चतुर्दशीला फटाके पहाटे सुरू होतात, हे पुष्कळ जण विसरतात. त्यासाठी आदल्या रात्रीच मांजर आत हवे. पंखा किंवा रेडिओ चालू ठेवला तर बाहेरचा आवाज थोडा बुजतो. मांजर लपले तर त्याला हाका मारू नका, ओढू नका. ते आपण होऊन बाहेर येईल. भीतीने कोपऱ्यात घाण केली तर मारू नका.

आता गोळीविषयी. ताप-अंगदुखीची पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका. हे औषध पचवून बाहेर टाकण्याची आपल्या यकृतात असलेली सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नाही. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजते. अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो. माणसाच्या झोपेच्या गोळ्याही नकोत. डायझेपाम तोंडाने दिल्यावर काही मांजरांचे यकृत निकामी झाल्याची नोंद आहे. शिवाय काही गुंगीच्या औषधांनी जनावर नुसते पडून राहते, भीती आत तशीच असते. फारच घाबरणाऱ्या मांजरासाठी योग्य औषधे आहेत. पण ती पशुवैद्यकाने तपासून, वजनाप्रमाणे द्यायची असतात. त्यासाठी आठवडाभर आधी या, ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नको.

बोका पाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ताणामुळे बोक्याची लघवी तुंबू शकते. तो घमेल्यात वारंवार बसत असेल, कण्हत असेल आणि लघवी होत नसेल, तर ते बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करत बसू नका. एक-दोन दिवसांत प्राणावर बेतते. सण असला तरी ताबडतोब दवाखाना गाठा.

घरातल्या माणसांचीही काळजी घ्या. भेदरलेले मांजर ओळखीच्या माणसालाही चावते, बोचकारते. अशी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. तिच्यावर हळद, चुना किंवा तिखट लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून रेबीजच्या लसीबद्दल विचारा. मांजरापासूनही रेबीज होतो. आपल्या मांजराला त्याची लस वेळेवर टोचून घ्या.

‘मग आम्ही फटाके उडवायचेच नाहीत का?’ असा प्रश्न येईल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. गल्लीतल्या सर्वांनी मिळून एवढे जरी पाळले, तरी मांजरालाच काय, तान्ह्या बाळाला आणि हृदयविकाराच्या रुग्णालाही रात्रीची झोप मिळेल. लवंगीची माळ दारात न लावता मैदानात नेऊन लावली, तर मुलांची मजा काही कमी होत नाही.

आपली दिवाळी वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेने सुरू होते. त्या दिवसापर्यंत मांजराची खोली आणि खोका तयार ठेवा. दोन-तीन दिवस त्यात त्याचे खाणे ठेवून पाहा, म्हणजे पहिला फटाका वाजेल तेव्हा कुठे जायचे हे त्याला माहीत असेल.