कोंबडी म्हणजे नेमके काय?

बाजारात कोंबडी घ्यायला गेलात की विक्रेता आधी विचारतो, गावठी की बॉयलर? जाणते गिऱ्हाईक पुढे विचारते, तलंग आहे का? अजून अंड्यावर न आलेली ती तलंग. अंडी घालून थकलेली कोंबडी चुलीवर कितीही रटरटली तरी पाहुणे दात कोरत बसतात. आमच्या आईला हा भेद कुणी शिकवावा लागला नाही. न्यूयॉर्कच्या न्यायालयात मात्र १९५७ साली सुरू झालेला हाच वाद १९६० च्या डिसेंबरात निकालात निघाला.

फ्रिगालिमेंट ही स्वित्झर्लंडमधील कंपनी. तिने न्यूयॉर्कच्या बी. एन. एस. इंटरनॅशनल या कंपनीकडे गोठवलेल्या कोंबड्यांची मागणी नोंदवली. पहिल्याच करारात अडीच ते तीन पौंडी कोंबड्या ७५ हजार पौंड आणि दीड ते दोन पौंडी २५ हजार पौंड. माल पोचला, खोकी उघडली, तर मोठ्या वजनाच्या कोंबड्या सगळ्या म्हाताऱ्या, रश्शाच्या! खरेदीदार म्हणाला, 'चिकन' म्हणजे कोवळी कोंबडी. आमची फसवणूक झाली. विक्रेता म्हणाला, म्हातारी झाली म्हणून ती कोंबडी नाही काय?

न्यायमूर्ती हेन्री फ्रेंडली यांच्यासमोर खटला चालला. हसून सोडून देण्यासारखा प्रश्न त्यांनी विलक्षण गांभीर्याने घेतला. दोन्ही बाजूंच्या तारा जर्मन भाषेत होत्या, पण त्यात 'चिकन' हा शब्द इंग्रजीच ठेवलेला. खरेदीदाराचे म्हणणे, जर्मन 'हून' या शब्दात तरुण-म्हाताऱ्या दोन्ही येतात, म्हणून तर आम्ही तो टाळला. पण सौदा ठरताना विक्रेत्याने त्यांच्या माणसाला विचारले होते, कोणत्या कोंबड्या हव्यात? उत्तर मिळाले, कोणत्याही. खरेदीदाराच्याच एका साक्षीदाराने कबूल केले की, स्वतःला कोवळी कोंबडी हवी असते तेव्हा तो 'ब्रॉयलर' असे स्पष्ट लिहितो. शिवाय भाव! करारात मोठ्या कोंबडीचा दर पौंडाला ३३ सेंट, तर बाजारात त्या वजनाच्या कोवळ्या कोंबडीचा ३५ ते ३७. तोट्यात माल विकायला कोण बसले आहे? फ्रेंडली यांनी 'चिकन'चा खरा अर्थ अमुकच, असे काही ठरवले नाही. शब्द संदिग्ध आहे, तो संकुचित अर्थाने वापरला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी खरेदीदाराची होती, ती त्याला पेलली नाही, एवढेच म्हणून त्यांनी दावा फेटाळला. मनात काय होते ते न्यायालय पाहत नाही. उघड काय बोलले, काय लिहिले ते पाहते.

निकाल मला पटतो. दोघेही व्यापारी, दोघांकडे तार करायला पैसे होते आणि एक शब्द जास्त लिहायला शाई होती. पण हा खटला मी प्रथम वाचला तेव्हा मला कोंबडी आठवली नाही, एक शिक्षक आठवले.

१९८८ साली मी एका तालुक्याच्या शाखेत अधिकारी होतो. शेजाऱ्याच्या मुलाच्या दुकानासाठी २५ हजारांचे कॅश क्रेडिट मंजूर झाले आणि त्याला हे गुरुजी जामीन राहिले. छापील इंग्रजी कागदावर मी पेन्सिलीने फुल्या केल्या, त्यांनी फुलीफुलीवर सही केली. दीड वर्षाने मुलाने खाते पूर्ण भरले. गुरुजी पेढे घेऊन शाखेत आले, "साहेब, सुटलो एकदाचा." मी पेढा खाल्ला.

त्या कागदावर 'कंटिन्युइंग' असा एक शब्द होता. १८७२ च्या करार कायद्यात कलम १२९ त्याचा अर्थ सांगते: अशी हमी एका उचलीपुरती नसते, पुढच्या व्यवहारांनाही लागू राहते. आणि कलम १३० सांगते की, यापुढच्या व्यवहारांपुरती ती नोटीस देऊन रद्द करता येते. म्हणजे एक साधे पत्र. ते मला ठाऊक होते. तो मुलगा पुन्हा पैसे उचलू लागला हेही लेजरमध्ये माझ्या डोळ्यांसमोर होते. पेढे खाताना मी बोललो असतो तर त्या दिवशीच दोन ओळींत काम झाले असते.

दुकान बुडाले. कागद बँकेच्या बाजूने अगदी चोख होता. संदिग्ध असता तर लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचा, असे तरी कुणी वकील म्हणाला असता. फ्रेंडलींची कसोटी लावली तरी गुरुजीच हरले असते. फक्त, "कोणती कोंबडी?" असे विचारण्याची संधी त्यांना कुणी दिली नव्हती, आणि ती द्यायची होती मी.

गुरुजींनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून भरले. पावती घेतली, चष्मा काढून ती दोनदा वाचली आणि माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "साहेब, हिच्यात तसला काही शब्द नाही ना?"