भूक फक्त देशावरची नव्हे



मराठी कथा-सिनेमातल्या भुकेवरील तुमच्या लेखमालेतल्या लेखाला उत्तर देताना एका वाचकाने लिहिले आहे की, कोकणात पाऊस भरपूर, तिथे कसली उपासमार? १८७६-७८ किंवा १९७२चा दुष्काळ म्हटले की भेगाळलेली जमीनच आठवते, हे कबूल. पण रत्नागिरीची भूक ऐन पावसातली. जुने भात संपलेले, नवे अजून शेतात. मधे कण्यांची पेज, माती लावून जपलेल्या फणसाच्या आठळ्या आणि बांधावरचा टाकळा. आता त्याचेच रानभाजी महोत्सव भरतात, असो!

दोष पावसाचा नव्हता, खोतीचा, म्हणजे खोतांच्या जमीनदारीचा होता. पिकाचा अर्धा-तिसरा वाटा, म्हणजे अर्धेल-तिर्धेल, खोताकडे गेल्यावर कुळाच्या कणगीत उरणार काय? डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडले ते उगाच नाही. म्हणूनच घरोघरची माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, मागे मनिऑर्डरीवर चुली पेटल्या. बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’ चित्रपटाने १९२५ मध्येच जमीन गमावलेला शेतकरी गिरणीत जाताना दाखवला. आपला पडद्यावरचा चाकरमानी मात्र बहुतेकदा गणपतीला गावी येऊन हसवण्यापुरता.

लेखमालेचा एक भाग खोतीवर द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, रत्नागिरी