हिरवा शब्द आणि काळी माती

टरबुजाचा हंगाम संपला की बांधावरच्या बाभळींना मल्चिंग पेपरच्या चिंध्या लोंबतात. उरलेल्या नांगराखाली जातात. मराठवाड्याच्या काळ्या मातीत दुष्काळातही न मरणारं हे एकच पीक!

त्यावर आता तोडगा सांगतात: ‘जैवविघटनशील’ प्लास्टिक. हा शब्द कानावर आला की विचारावं, कुठे कुजतं आणि किती दिवसांत?

या नावाखाली विकलं जाणारं पीएलए घ्या. जिवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. त्याची साखळी पुढे कारखान्यात जोडली जाते. ते लवकर कुजायला सुमारे 60 अंशांचं औद्योगिक कंपोस्ट लागतं. परभणीचा मे महिनाही तिथवर पोचत नाही.

पीएचबीचं तसं नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लेम्वान्य यांनी 1926 साली ते जिवाणूंमध्ये ओळखलं. साखर मुबलक, पण नत्र किंवा स्फुरद तुटपुंजं असलं की काही जिवाणू वाढ आवरतात आणि पेशीत पीएचबीचे कण साठवतात. आपण चरबी साठवतो तसंच. हे प्लास्टिक म्हणजे त्यांची शिदोरी. म्हणून ओल आणि ऊब मिळाली की मातीतले इतर जिवाणू ती फस्त करतात.

मग अडतं कुठे? किलोभर पीएचबीला साधारण 3 किलो साखर लागते. लगेच कुणी म्हणेल, ऊस वाढवा. जायकवाडीच्या पाळीची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याला हा सल्ला देणं क्रूरपणा आहे. साखर पऱ्हाटीतही आहे. तिच्यातलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच साखळी, आणि ती आपण रानात पेटवून देतो. लिग्निनच्या विळख्यातून ती सोडवणं खर्चिक आहे, कबूल. पण सरकारी पैसा खर्चायचा तर याच कामावर खर्चावा.

शिवाय नुसतं पीएचबी ठिसूळ असतं, त्यात इतर पदार्थ मिसळावे लागतात. ते कोणते, हे पाकिटावर लिहायला काय हरकत आहे?

परभणीत 1972पासून कृषी विद्यापीठ आहे. अशा पेपरला अनुदान देण्याआधी तो तिथल्या रानात पुरा, पुढच्या हंगामात उकरा आणि काय उरलं ते जाहीर सांगा. तोवर हा हिरवा शब्द शेतकऱ्यानं पदरचे पैसे मोजून का घ्यावा?