अंगठ्याची संमती

इस्पितळ हे केवळ रोग बरे करण्याचे स्थान नव्हे. ते ज्ञान मिळवण्याचेही स्थान आहे. क्षय, कर्करोग, हृदयविकार अशा एकेका विभागात नवे औषध जुन्याशी ताडून पाहिले जाते, आणि खाटेवरल्या रुग्णाचे रक्त प्रयोगशाळेत जाऊन नव्या निष्कर्षाचा आधार बनते. हे थांबावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. आमचा वाद संशोधनाशी नाही. ज्या कागदावर ते उभे राहते, त्या संमतिपत्राशी आहे.

१८९७ च्या जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात, स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. 'होय' दोघांनीही म्हटले. पण एकाने ती लस स्वतः सिद्ध केली होती, आणि दुसऱ्याच्या दाराला बाहेरून कुलूप होते. या दोन होकारांना एकच मोल देणाऱ्यास संमती म्हणजे काय हे कळलेच नाही.

कायद्याला ते उशिरा का होईना, कळले. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली औषध-चाचण्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. पुढे २०१९ चे नियम आले. माहिती रुग्णास समजेल अशा साध्या भाषेत द्यावी. त्यास वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार आरंभापासून अखेरपर्यंत हजर असावा. चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाई मिळावी, असे ते सांगतात.

यावर काही डॉक्टरांचे उत्तर ठरलेले असते: "अडाण्याला काय समजावणार? वेळ मात्र जातो." त्यांस एवढेच विचारावेसे वाटते की, गुंठाभर जमीन विकणाऱ्यासही दुय्यम निबंधक 'दस्त तुझाच ना?' असे विचारतो. मग देहाची किंमत गुंठ्याहूनही कमी काय? शिवाय, आपण प्रयोगात आहोत हेच ज्यास ठाऊक नाही, तो घरचा काढा चालू असल्याचे सांगत नाही, आलेली घेरीही सांगत नाही. म्हणजे न समजावलेला रुग्ण केवळ फसत नाही, तो संशोधनालाही फसवतो. समजावण्यात गेलेला वेळ शास्त्राच्याच खात्यावर जमा होतो.

भाषेचा प्रश्न तर आपल्या भागाचा खास आहे. कोंकणी बोलणारा परंतु ती रोमी लिपीतच वाचणारा गोवेकर, किंवा कानडी मुलखात मराठीच समजणारा सीमेवरचा शेतकरी, यांच्यापुढे भलत्या लिपीतला कागद ठेवून घेतलेला अंगठा हा पुरावा खरा. पण तो संमतीचा नव्हे, शाईचा.

म्हणून मागणी साधी आहे. कागद रुग्णाच्या भाषेत व लिपीत असावा. 'नाही म्हणालात तरी उपचार थांबणार नाहीत' हे त्यात पहिल्याच ओळीत असावे. आणि जे ऐकले ते रुग्णाने आपल्या शब्दांत सांगितल्यावाचून सही घेऊ नये. नीतिसमितीवर कायद्याचा एक जाणकार असावाच लागतो. ती खुर्ची आम्हा वकिलांची आहे. तीवर बसून जो मुकाट्याने मान डोलावतो, त्याने निदान त्या अंगठ्याकडे एकदा नीट पाहावे. उद्या तो त्याच्या आईचाही असू शकेल.